रोजचा नकार

"बहिणीच्या अंगातलं काढून मी जगायचं? ते काय जमायचं नाय," एकनाथ म्हणाला आणि बायकोच्या हातातला पाण्याचा पेला त्याने बाजूला सारला. "डॉक्टरला सांग, दुसरं काय असंल तर बघा म्हणावं."

चंद्रकांताच्या दुसऱ्या हातात गोळ्या होत्या. तिने मूठ मिटली आणि दाराकडे बघितलं. खाडीपलीकडून, मुरब्याहून येणारी होडी अजून लागलेली नव्हती. ती लागून नणंद दारात आल्याशिवाय या गोळ्या नवऱ्याच्या पोटात जायच्या नाहीत, हे तिला ठाऊक होतं. शेजारणींनाही ठाऊक होतं. सातपाटीत भिंतीला भिंत लागून घरं, एका घरात कोणी शिंकलं तर दुसऱ्या घरात पदर नाकाला लागतो. तिथे लपवणार काय आणि कोणापासून?

एकनाथ ज्याला नको म्हणत होता ते केव्हाच होऊन गेलं होतं. जमनेची किडनी त्याच्या पोटात उजव्या अंगाला दोन वर्षं मुकाट काम करत होती. साऱ्या गावाला ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्याला.

जमना आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून. ओहोटीची वेळ होती, होडी धक्क्याला लागत नव्हती, उतरून चिखल तुडवावा लागला होता. तिने बाहेरच्या पिंपातलं पाणी पायांवर घेतलं, टोपली ओट्यावर ठेवली आणि आत येऊन भावासमोर बसली.

"आलीस? बरं झालं," एकनाथ म्हणाला. "बाय, तुला एक सांगायचं हाय."

"सांग."

"तो मुंबईचा डॉक्टर म्हणतो, तुझं नि माझं जुळलं. रक्त नि काय काय. पण मी घेणार नाय. आधीच सांगून ठेवतो."

"तू कशाला नाय म्हणतोस, दादा? मीच देणार नाय."

एकनाथ तिच्याकडे बघत राहिला.

"देणार नाय?"

"नाय. माझी मला पायजे. पोरं लहान हायत माझी."

"भगवंत बोलला काय?" त्याने तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

"ते कशाला बोलतील? माझं मीच ठरवलं."

एकनाथने मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले. "बरं केलंस," तो म्हणाला. "लय बरं केलंस. मंग डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर म्हणतात, बहीण देत नाय तर या गोळ्या घ्या," चंद्रकांता पुढे होऊन म्हणाली. "यानं मशिनीला जायचं पण टळंल."

एकनाथने एकेक गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर उतरवली. चंद्रकांताने पेला उचलला. त्या दिवसाचं काम झालं.

एकनाथ काही फार मोठा माणूस नव्हता. बापाच्या बोटीवर तो इंजिनावर बसायचा, हात कायम काळे, केसांना डिझेलचा वास. बाप अकाली गेला तेव्हा जमना परकर पोलक्यात होती. तिला वाढवलं त्याने, मुरब्याला उजवली त्याने, आणि उजवल्यावर एक गोष्ट जी धरली ती कधी सोडली नाही. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि तिच्या घरून काही आणायचं नाही. भावाने द्यायचं असतं, घ्यायचं नसतं, हे त्याचं शास्त्र. तिच्याकडे चहा प्यायचा तरी आधी हातातली पापलेटं मोरीत ठेवायचा आणि मगच बशी तोंडाला लावायचा. भगवंत, जमनेचा नवरा, त्याला चिडवायचा. "दादा, घोटभर पाण्याची पण परतफेड करणार काय?" एकनाथ म्हणायचा, "करीन."

अशा माणसाचं तोंड सकाळी उठल्यावर सुजलेलं दिसायला लागलं. मग पाय सुजले. मग दोन पावलं चाललं तरी धाप लागायला लागली. पालघरच्या डॉक्टरने मुंबईची चिठ्ठी दिली, आणि मुंबईत कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, नाहीतर घरच्या कोणीतरी एक किडनी द्यायची. बायकोचं रक्त जुळलं नाही. आई थकलेली. जमनेचं जुळलं, आणि असं जुळलं की डॉक्टर खुश झाला.

एकनाथ मात्र हटून बसला. डॉक्टरने समजावलं, पंचांनी समजावलं, आईने पाया पडण्यापर्यंत मजल नेली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी जमना त्याच्या खाटेशी बसली आणि म्हणाली, "दादा, तू गेलास की मला माहेर नाय. हे मी तुला नाय देत. माझं माहेर राखायला देते. एवढं पण करू देणार नायस?" तेव्हा तो बांध फुटल्यासारखा रडला होता आणि हो म्हणाला होता. त्या एका हो वर जमना ऑपरेशनच्या टेबलावर गेली.

ऑपरेशन झक्क झालं. नळीतून पहिली लघवी उतरली तेव्हा चंद्रकांताने त्या बाटलीला हात जोडले आणि नर्स हसायला लागली. पावसाळ्याच्या तोंडावर एकनाथ घरी आला तेव्हा त्याच्या गालावर रंग होता. डॉक्टरने मात्र निक्षून सांगितलं होतं, शरीर परक्याला बाहेर काढू बघतं, ते त्याने काढू नये म्हणून ही औषधं. पण मग कोणताही रोग आत आला तरी शरीर गप्प बसणार. ताप आला, डोकं दुखलं, नेहमीपेक्षा काही वेगळं वाटलं, तर असेल तसे निघून या.

वेगळं वाटलं. पण ते कोणालाच वेगळं वाटलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी एकनाथ म्हणाला, "कोण बोंबील भाजतंय?" चंद्रकांता म्हणाली, "भाजत असतील कोणतरी." दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता हात थांबवून म्हणाला, "आज लय वास येतो बोंबलांचा." आता बोटी किनाऱ्याला लावलेल्या, ताजी मासळी नाही, घरोघरी सुकटीवर दिवस काढायचे. सातपाटीत श्रावणात बोंबलाचा वास येतो म्हणणाऱ्या माणसाला कोण डॉक्टरकडे नेईल? तो येत नाही म्हणाला असता तर एखादी शेजारीण काळजीत पडली असती. मग अंग तापलं. मग त्याने चंद्रकांताला आईच्या नावाने हाक मारली. आणि मग आंबोळीचं ताट पुढे असताना त्याचा हात वाकडा झाला, डोळे फिरले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरने विचारलं, "याच्या आधी त्यांना कसला चमत्कारिक वास येत होता का?"

"नाय, साहेब," चंद्रकांता म्हणाली. "चमत्कारिक नाय. बोंबलाचा यायचा."

"घरात कोणी भाजत होतं?"

कोणी भाजतंय का हे उठून बघावं, असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

डॉक्टरने समजावून सांगितलं. एक बारीक जंतू असतो, तो कितीतरी माणसांच्या अंगात निपचित पडून असतो, काही करत नाही. औषधांनी शरीराचा पहारा ढिला पडला आणि तो मेंदूत चढला. वासाची जागा आणि आठवण साठवायची जागा तिथे जवळजवळ असतात. जीव वाचला आहे. किडनीही ठीक आहे. जुनं सगळं आठवेल. पण नवीन काही राहणार नाही.

"कधीपासून राहील?" जमनेने विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाला. इस्पितळात राहिलेल्या माणसाला बघू म्हणजे काय ते कळतं.

एकनाथ घरी आला. बोलणं तेच, हसणं तेच, इंजिनाचा आवाज लांबून ऐकून कोणाची बोट आहे ते सांगणं तेच. फक्त त्याचं घड्याळ एके ठिकाणी अडकलं होतं. डॉक्टरने जमनेचं जुळल्याचं सांगितलं, तो दिवस त्याच्यासाठी कालच होऊन गेला होता. त्यानंतरचं सगळं धुऊन गेलं होतं. ऑपरेशन गेलं, नळी, बाटली, घरी परतल्यावर आईने ओवाळून टाकलेला नारळ, सगळं गेलं. आणि जमनेचं ते माहेराचं बोलणं आणि त्यावरचा त्याचा हो, तेही गेलं. राहिला होता तो फक्त नकार.

सुरुवातीला त्यांनी खरं सांगितलं. त्याला सदरा वर करून व्रण दाखवला. तो व्रणावर हात ठेवून जमनेकडे बघायचा. मग तो तिचे पाय धरायचा. "मी मेलो असतो तर काय झालं असतं? परत लाव तुझ्यात. डॉक्टरला सांग, परत लाव." रडून रडून थकला की घटकाभर झोपायचा, आणि उठला की म्हणायचा, "जमने, आलीस? तुला एक सांगायचं हाय." पुन्हा व्रण, पुन्हा तेच रडणं. दुःख शिळं झालं की माणूस ते गिळतो. त्याचं दुःख रोज ताजं यायचं.

आणि गोळ्या तो घेईना. "जिला मी हो म्हटलं नाय, तिला मी जगवणार नाय," म्हणायचा आणि थुंकून टाकायचा. जमनेने माहेराचं बोलणंही पुन्हा बोलून बघितलं. पण पहिल्यांदा ते त्याच्या मनात उतरायला किती दिवस लागले होते, आणि आता त्याच्याकडे दुपारपर्यंतसुद्धा वेळ नव्हता. चंद्रकांताने गोळ्या कुटून कालवणात घातल्या, तर त्याने दोन घासांत ताट सारलं. रक्ताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर शरीर ही किडनी फेकून देईल, आणि दुसरी कुठून आणणार?

अशाच एका दिवशी जमना बोईसरच्या बाजारातून परस्पर आली होती. मासळी निम्मी परत आलेली, ऑपरेशनच्या बाजूची कूस ठणकत होती. तिने टोपली टेकवली नाही तोच एकनाथने सुरू केलं. "बाय, मी घेणार नाय."

"मंग नको घेऊस," ती फणकारली. "मी पण देत नाय. माझी मला पायजे. पोरं लहान हायत माझी. बस?"

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. पण एकनाथच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड पडला होता. "खरं?" त्याने विचारलं. "खरं," ती म्हणाली. चंद्रकांता चुलीपाशी होती, तिला प्रसंगाचं भान आधी आलं. गोळ्या घेऊन ती धावली आणि डॉक्टरचं नाव घेऊन तिने पहिल्यांदा ते खोटं बोलून टाकलं. एकनाथने सगळ्या गोळ्या घेतल्या आणि वर बहिणीला चहा करायला सांगितला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. चंद्रकांताने एकटीने करून बघितलं होतं, पण तो म्हणायचा, "तू मला फसवतेस. जमनेच्या तोंडून ऐकू दे." म्हणून जमना रोज सकाळी खाडी ओलांडायची, नाही म्हणायची, आणि मग सातपाटीची मासळी घेऊन सालवडला कामगारांच्या खोल्यांवर विकायला जायची. वादळवाऱ्यात होडी बंद पडली की मुरब्याहून एसटीने बोईसर, तिथून पालघर, तिथून सातपाटी असा सगळा वळसा घालून यायची. भगवंतने एकदा हसत हसतच म्हटलं होतं, "अगो, एकदा हो म्हणालीस नि आता जन्मभर नाय म्हणायला जातेस." मग तो उगाच वल्ह्याला दोरी गुंडाळत बसला.

व्रणाचं चंद्रकांताने सांभाळून घेतलं. आंघोळीला त्याने विचारलं की म्हणायची, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तुमाला आठवत नाय. बाकीचं गावाने सांभाळलं. तसं गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण एवढी एक गोष्ट त्यांनी भिजवली. ओट्यावर बसलेला एकनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बहीण नाय म्हणाली. बरोबर हाय तिचं." आणि जमना इस्पितळातून आली तेव्हा ज्यांनी तिच्यावरून तांदूळ ओवाळून टाकले होते, तेच लोक मान हलवून म्हणायचे, "हां, बरोबर हाय."

जमनेला याचं काही वाटत नव्हतं असं नाही. तिला फार वाटायचं. ती नाही म्हणायची आणि त्याचे खांदे सैल पडायचे, पण त्याच्या आधी, डोळा लवतो न लवतो तेवढ्यात, त्याच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी येऊन जायचं. ते चंद्रकांताला दिसत नसे. जमनेला दिसायचं. माणूस कितीही नको नको म्हणत असला, तरी समोरच्याने आग्रह करावा असं त्याला वाटतंच. रोज सकाळी आपण दादाला एकदा दुखवतो आणि मग तो आपल्याला माफ करतो, हे तिला कळायचं. ते कळून ती रोज जायची.

दसरा होऊन गेला होता. त्या सकाळी सगळं नेहमीसारखं झालं. तो म्हणाला, घेणार नाय. ती म्हणाली, देणार नाय. त्याने श्वास सोडला, बरं केलंस म्हणाला, चंद्रकांताने त्याच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. आणि तो थांबला. गोळ्या हातात तशाच धरून त्याने खाली बघत विचारलं,

"जमने, एक विचारू?"

"विचार ना."

"समज, मी हो म्हटलं असतं. तर दिली असतीस?"

हे त्याने आधी कधीच विचारलं नव्हतं. चंद्रकांताच्या हातातला पेला तिथेच राहिला. साडीच्या गाठीखाली जमनेचा स्वतःचा व्रण होता, पाठीपासून पोटापर्यंत आलेला, पाऊस आला की खाजणारा. लुगडं जरा सरकवलं असतं की झालं असतं. घटकाभर तरी दादाला कळलं असतं, आपली बहीण कशी आहे ते. दुपारपर्यंत तो विसरलाच असता, पण तेवढी एक घटका तिला मिळाली असती. दोन वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि ही घटका तिला हवी होती. इतकी हवी होती की तिने जमिनीवर हात टेकला.

पण गोळ्या अजून त्याच्या तळहातावर होत्या.

"नाय, दादा," ती म्हणाली. "तरी नसती दिली."

एकनाथ किती वेळ मान हलवत राहिला. मग त्याने एकेक करून गोळ्या घेतल्या, सगळ्या, पाणी प्याला आणि तोंड पुसलं. "पोरं लहान हायत तुझी," तिच्या बाजूने तोच म्हणाला. "जीवाची भीती असते गो. कोणाला नसते?"

जमना टोपली घ्यायला उठली तसा तोही उठला. त्याने खुंटीवरचा सदरा घातला, बटणं लावली. "थांब, मी येतो धक्क्यापर्यंत."

"कशाला, दादा? ऊन झालं."

"येतो."

धक्क्यावर बायका टोपल्या भरत होत्या. बायडी होती, तिच्या जिभेने आजवर कोणाला सोडलं नव्हतं. पंढरी होडीतलं पाणी उपसत होता. भरती लागली होती, आज चिखल तुडवायचा नव्हता. एकनाथ बायकांच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"ऐका गो जरा. ही माझी बहीण. हिनं मला किडनी दिली नाय म्हणून कोण हिला काय बोलायचं नाय. मीच सांगितलं होतं देऊ नको म्हणून. समजलं काय? हिच्याकडे बोट नाय दाखवायचं कोणी."

सगळ्या बायका हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायला लागल्या. जमनेने मान खाली घातली. अपराधी माणूस उभा राहतो तशी ती उभी राहिली, दोन्ही हात पोटाशी घेऊन.

शेवटी बायडी म्हणाली, "नाय बोलणार कोण, एकनाथदादा."

"हां," तो म्हणाला.

त्याने स्वतः जमनेची भरलेली टोपली होडीत ठेवली, तिला हाताला धरून आत चढवलं आणि ती बसेपर्यंत काठ धरून ठेवला. पंढरीने वल्हं मारलं. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी होडी प्रवाहात आल्यावर तिने बघितलंच. एकनाथ अजून तिथेच होता, हाताने तिला मधे सरक, नीट बस असं सांगत होता. मग त्याचा हात हळूहळू खाली आला. त्याने आपल्या अंगातल्या सदऱ्याकडे बघितलं, डावीकडे उजवीकडे बघितलं. आपण धक्क्यावर कशाला आलो, ते त्याला कळत नव्हतं.

बायडीने टोपली खाली ठेवली, त्याचा दंड धरला आणि ती त्याला घराच्या वाटेला लावायला निघाली. जमना मुरब्याकडे तोंड करून बसली.